सारडा सर्कल ते सापुतारा : तीन सायकली, तीन दिवस

डिसेंबरच्या सुट्टीत कुठे जायचे, हा प्रश्न आमच्या घरी दरवर्षी खर्चापाशी येऊन थांबतो. या वेळी थोरलीने उत्तर दिले, "अब्बा, सायकलने सापुताऱ्याला जाऊ."

तिची दहावी आहे. जूनपासून तिला विज्ञान शाखेला जायचे आहे आणि ती शाखा असलेले तिच्या पसंतीचे कॉलेज घरापासून नऊ किलोमीटरवर. रोजची रिक्षा आमच्या पगारात बसत नाही. सायकलने जाईन, म्हणते. आमच्या आईचे त्यावर एकच वाक्य, "बेटी की जात, रास्ते में कुछ हुआ तो?" त्या 'कुछ हुआ तो'चे उत्तर खरे म्हणजे आमच्याकडेही नव्हते. शेवटी हिने निकाल दिला, "घेऊन जा तिला, आणि काय होते ते बघून या."

फजर पढून आम्ही निघालो : थोरली, तेरा वर्षांचा धाकटा आणि आम्ही. सोबत खजूर, भाजलेले चणे, पाण्याच्या बाटल्या, दोन जादा ट्यूब आणि पंक्चरची डबी. मुलांच्या सायकली गिअरच्या. आमची मात्र अब्बांची काळी, दांडीच्या ब्रेकची. ती का नेली, तर हट्टाने. त्याची शिक्षा पुढे मिळाली.

सायकलीच्या बाबतीत नाशिकचे नाव मोठे आहे. इथले डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. ही शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, सैन्यातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. मुलांना हे सांगत सांगत म्हसरूळ मागे पडले. आमचे ऐंशी किलोमीटर त्यापुढे काहीच नाहीत, असे धाकटा म्हणाला. वणीपर्यंत त्याचे म्हणणे खरे होते.

दिंडोरीचा रस्ता द्राक्षबागांमधून जातो. थंडी अशी की हँडलवर बोटे आखडत होती. वणी सोडली की सातमाळ्याचे डोंगर आडवे येतात. भूगोलाच्या तासाला फळ्यावर काढतो ती पाणलोटाची रेषा इथे पायाखाली असते : अलीकडच्या दिंडोरीचे पाणी कादवेतून गोदावरीला, म्हणजे बंगालच्या उपसागराला जाते; पलीकडे सुरगाण्याच्या नार-पार नद्या अरबी समुद्राकडे धावतात. धाकट्याने बाटलीतले थोडे पाणी मुद्दाम रस्त्याच्या दोन्ही कडांना ओतले.

चढावर गिअरचे गणित पायांना कळते. पुढे २८ दात आणि मागेही २८, तर पायडलच्या एका फेरीत चाकाची एकच फेरी, सुमारे दोन मीटर. आमच्या काळीला पुढे ४४, मागे १८. एका फेरीत पाच मीटरांहून अधिक. सपाटीवर शान, घाटात सजा. पहिल्याच वळणाला आम्ही उतरून सायकल ढकलू लागलो. थोरली मात्र बसून, न थांबता, चालण्याच्याच वेगाने वर निघून गेली.

वर पोहोचलो तेव्हा तिची सायकल उलटी होती आणि ती रस्त्याकडेला मांडी घालून बसलेली. मागचे चाक पंक्चर. एक जीपवाला थांबून "मदत पाहिजे का, ताई?" असे विचारून गेला होता, तिने "नको, दादा" म्हटले होते. आम्ही हात पुढे केला तर म्हणाली, "अब्बा, तुम्ही दम घ्या." आमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्या चाचांकडे ती महिनाभर बसली होती, हे आम्हाला तेव्हा कळले. ट्यूब पाण्याने ओली करून बुडबुडा शोधला, पॉलिश पेपरने घासले, सोल्युशन लावून वाळू दिले, मग पॅच. त्यानंतर टायरच्या आतून बोट फिरवून बाभळीचा काटा काढला. तो राहिला असता, तर पुढच्या किलोमीटरला पुन्हा तेच. वीस मिनिटे लागली. आम्हाला ते इतक्या नीट जमत नाही.

मुक्काम बोरगावला, बी.एड.च्या वेळच्या मित्राच्या घरी. ते कोकणा समाजाचे, तिथल्याच शाळेत गुरुजी. त्यांच्या आईने नागलीची भाकरी आणि उडदाचे वरण वाढले, आणि न सांगता एका खोलीत धुतलेली चादर अंथरून ठेवली. धाकट्याचा प्रश्न, "अब्बा, आता कसर पढायची का?" आमच्या इमामसाहेबांनी सांगितलेले अंतर सुमारे ७७ किलोमीटर, तेही शहराची हद्द सोडल्यापासून. आमचे तेवढे भरत नव्हते. पूर्ण पढलो. पाय दुखत असताना रुकूतून उठणे काय असते, ते त्या रात्री कळले.

दुसऱ्या दिवशी सामान ठेवून, हातगडाच्या पायथ्यावरून सापुताऱ्याला गेलो. तळे, नौका, भजी, गर्दी. त्याबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. परतताना रस्त्याकडेच्या बायकांकडून घेतलेल्या स्ट्रॉबेरी मात्र लक्षात आहेत.

उतार चढापेक्षा धोक्याचा. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, रिम तापते. दाबायचा, सोडायचा, वळणाच्या आधीच वेग कमी करायचा. हे मुलांना शिकवले आणि तिसऱ्या दिवशी दांडीच्या ब्रेकवर भरवसा नसल्याने घाटाची दोन वळणे आम्ही स्वतः पायी उतरलो. मुले खाली थांबून हसत होती.

मगरिबला घरी पोहोचलो, अलहमदुलिल्लाह. आईने आधी नातीचे हात पाहिले. नखांत काळे ग्रीस. "पंक्चर किसने निकाला?" धाकट्याने बहिणीकडे बोट केले. आई काही बोलली नाही. रात्री जेवणे झाल्यावर तिने पंक्चरची डबी मागवून घेतली, चष्मा लावून आत पाहिले.

"इस में तो दो ही पॅच बचे हैं," ती थोरलीला म्हणाली. "जून से पहले और ला के रख."