आई, मार्टिन यान आणि सत्तूर

परवा लेकानं यूट्यूबवर 'यान कॅन कुक'चा एक जुना भाग लावून दिला. "आई, हाच ना तुझा तो चायनीज काका?" म्हणाला. हाच! तोच ॲप्रन, तीच धांदल, तेच स्वतःच्या विनोदांवर आधी स्वतःच हसणं. डाळ गॅसवर तशीच राहिली आणि मी अख्खा भाग उभ्यानं बघितला.

१९९६ साली लग्न होऊन सनीव्हेलला आले तेव्हा घरात केबल नव्हती. एच-४ व्हिसावर नोकरी करता यायची नाही आणि गाडी चालवायला येत नव्हती. नवरा सकाळी गेला की मी आणि टीव्ही. ॲंटेना हलवून हलवून चार-पाच चॅनेल दिसायची, त्यातलं नऊ नंबरचं केक्यूईडी त्यातल्या त्यात स्वच्छ. शनिवारी तिथे एकामागून एक स्वयंपाकाचे कार्यक्रम लागत आणि त्यात माझा लाडका मार्टिन यान. मूळचा चीनमधल्या ग्वांगचौचा. तेराव्या वर्षी हाँगकाँगला नातेवाइकांच्या हॉटेलात कामाला लागला, मग इकडे येऊन डेव्हिसला शिकला. १९८२ पासून केक्यूईडीवर. त्याचं इंग्रजी ऐकलं की मला फार धीर यायचा. इतके उच्चार चुकवून माणूस टीव्हीवर येऊ शकतो, तर मला दुकानात कोथिंबीर मागायला कसली लाज?

पण आज लिहायचंय ते आईबद्दल.

१९९८ च्या जूनमध्ये बाबा गेले. ऑक्टोबरमध्ये आईला सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. आई बोलेनाशी झाली होती. विचारलं तर 'हो', 'नको', 'चालेल'. दिवसभर खिडकीपाशी बसून पार्किंगमधल्या गाड्या बघायची. मला वाटायचं, आयुष्यभर राबली, आता जरा विश्रांती मिळू दे. म्हणून मी तिला काही म्हणता काही करू द्यायची नाही. "आई, तू बस, मी करते." दीड महिना मी हे एकच वाक्य बोलत होते. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

एकदा तिनं भाजी चिरायला घेतली खरी. पण आई जन्मभर विळीवर चिरणारी, पाट घेऊन, खाली बसून. इथे ओट्यापाशी उभं राहून सुरीनं बटाटा कापायला गेली आणि बोट कापून घेतलं. झालं, मला कारणच मिळालं तिला स्वयंपाकघरातून हाकलायला.

मग एका शनिवारी यान लागला होता. आई नेहमीप्रमाणे खिडकीपाशी. यानच्या पुढ्यात एक भलं मोठं फळ होतं, पांढुरकी लव असलेलं. मागून आवाज आला, "अगं, हा तर कोहळा!"

दीड महिन्यात तिनं आपणहून उच्चारलेलं पहिलं वाक्य. मी मागे वळूनही बघितलं नाही, न जाणो थांबली तर.

पुढच्या शनिवारी ती सोफ्यावर येऊन बसली. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण हातांची भाषा चोख कळायची. "कढई आधी तापवली बघ, तेल मागनं." "रस दाट व्हायला कॉर्नफ्लॉवर लावतोय, आपण बेसन लावतो तसं." यानचा हातखंडा म्हणजे अठरा सेकंदांत अख्ख्या कोंबडीची हाडं वेगळी करायची. ते आलं की आमची शाकाहारी आई डोळ्यांवर पदर घ्यायची (आणि पदराआडून बघायची. ताई, शपथ!). "हा मंचुरियन कधी करणार?" असंही एकदा तिनं विचारलं. आता तो मंचुरियन पडला मुंबईचा, १९७५ च्या सुमारास नेल्सन वाँग यांनी काढलेला म्हणतात. यान कुठून करणार बिचारा!

पण तिचं खरं लक्ष त्याच्या सुऱ्यावर असायचं. "अगं, हा तर खाटकाचा सत्तूर!" सत्तुराइतकं जाड नसतं ते पातं, पण रुंद तेवढंच. त्याच एका पात्यानं तो चिरायचा, आडवं करून लसूण ठेचायचा, चिरलेलं सगळं त्याच्यावरच उचलून कढईत टाकायचा. आणि डाव्या हाताची बोटं आत दुमडलेली, पातं पेरांना घासून खाली-वर. पेरांपेक्षा वर पातं उचलायचंच नाही, मग बोट कापणार कसं?

एका संध्याकाळी बाहेरून आले तर आई ओट्यापाशी उभी. हातात माझी साधी सुरी, समोर कोबी, बोटं दुमडलेली. मी तोंड उघडलं होतं 'आई, तू बस' म्हणायला. कसं कोण जाणे, गिळलं.

तो रविवार आम्ही चिनी दुकानात घालवला. आईनं चवळीसारख्या हातभर शेंगा ओळखल्या, फिकट गुळगुळीत कारली ओळखली, जाड पांढरा मुळा बघून "याची पचडी होईल" म्हणाली. तसला सुरा घेतला. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी बाई उभ्यानं चिरायला शिकली. कढई इतकी तापवायची की धुराचा अलार्म वाजायचा आणि जावई स्टुलावर चढून टॉवेल हलवत बसायचे. बाबांना कोबी मुळीच आवडायचा नाही, हे ती एकदा चिरता चिरता सांगून गेली. बाबांबद्दल बोलायला लागली ती तिथून. मान खाली, सुरी चालू. मी लसूण सोलत ऐकायची.

एप्रिलमध्ये परत जाताना सुरा चेक-इन बॅगेत साड्यांमध्ये गुंडाळून नेला. सांगलीत विळीशेजारी तो पुढे कितीतरी वर्षं होता.

ताई, तो तुझ्याकडेच आहे ना गं? धार लावून ठेव. डिसेंबरात येतेय मी.

असो. डाळ करपली त्या दिवशी, हे सांगायचं राहिलंच.