राखून ठेवलेला दगड

‘दगड’ ही आपल्याकडे शिवी आहे. वर्गात उत्तर आले नाही की सर विद्यार्थ्याला दगड म्हणतात, आणि नवसाला न पावलेल्या देवालाही माणसे रागाच्या भरात तेच म्हणतात. पण गेले वर्षभर मी एका खेळात असा काही गुंतलो आहे, की दगड म्हटले की ‘कोणता?’ असे विचारावेसे वाटते.

खेळाचे नाव ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’. टार्न आणि झॅक ॲडम्स या अमेरिकन भावांचा हा खेळ २००६ साली प्रथम लोकांपुढे आला, तेव्हा पडद्यावर नुसती अक्षरे नि चिन्हे दिसत. चित्रांची आवृत्ती २०२२ च्या डिसेंबरात आली. सात बुटक्यांना घेऊन डोंगरात शिरायचे, खोदायचे, वसाहत वसवायची. जिंकणे असे त्यात नाहीच.

खोदले की दगड निघतो आणि तो पाथरवटाच्या हाती जातो. हा गडी मोठा सरळ. टेबल करायला सांगितले की हाताशी असेल तो धोंडा उचलतो; किमतीशी त्याला कर्तव्य नाही. म्हणून खेळात एक यादी आहे. कामाचे दगड तीत मुळातच कुलूपबंद असतात. जिप्समच्या पुडीने मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालता येते, सोन्याच्या खनिजाचा एक धोंडा भट्टीत घातला तर चार कांबी मिळतात. कुलूप काढा, की पाथरवट त्याच खनिजाची निवांतपणे खुर्ची घडवील! आणि कुलूप एकेका धोंड्याला नसते, साऱ्या जातीला असते.

माझा किल्ला बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच काळ्या पाषाणात. खेळाच्या हिशेबी त्याची किंमत १, संगमरवराची २. ज्या दगडात वेरूळचे कैलास लेणे कोरले त्याची किंमत एक! ॲडम्स बंधूंना एकदा वेरूळला आणलेच पाहिजे. असो. या काळ्या दगडात लोखंडाचे खनिज मुबलक निघाले; चुनखडी मात्र औषधालाही नाही. आणि चुनखडी, संगमरवर अशांसारखा एखादा दगड असल्याखेरीज पोलाद होत नाही. लोखंडाची एक कांब, असा एक दगड आणि कोळसा यांचे आधी बीड करायचे. मग ते बीड, आणखी एक कांब, आणखी एक दगड आणि पुन्हा कोळसा, तेव्हा कुठे पोलादाच्या दोन कांबी.

शरदात मायदेशाच्या गाड्या येतात. त्यांच्या वकिलाला सांगून ठेवले तर पुढल्या वर्षी हवा तो दगड आणतात, अर्थात भाव चढा लावून. असे संगमरवराचे सहा धोंडे आले. सहा धोंडे म्हणजे सहा कांबी, आणि वेशीवर गॉब्लिनांची भीती. कुलूप लावून टाकले.

आता माझ्या पाथरवटाचे ऐका. नाव उरिस्त, हे नाव तिथे आपल्या गणपत-पांडुरंगाइतके सर्रास. प्रत्येक बुटक्याच्या आवडीनिवडी खेळात लिहिलेल्या असतात. उरिस्तच्या पानावर लिहिले होते : याला संगमरवर आवडतो. दहा वर्षे तो काळ्या दगडाची दारे, टेबले, शवपेट्या करीत राहिला. शेवटची दोन वर्षे तर संगमरवर चार पावलांवर पडला होता. मग एके दिवशी तो खालच्या तळ्यात बुडाला. प्रेत हाती लागले नाही.

प्रेत पुरले नाही तर भूत होते, हाही तिथला नियम. दगडाची पाटी घडवून तिच्यावर मृताचे स्मरण कोरावे, ती उभी करावी, म्हणजे भूत शांत होते. पाटी कोणत्याही दगडाची चालते. काळ्याचीसुद्धा.

मी बाकीची सगळी कामे थांबवली, संगमरवराचे कुलूप काढले, नव्या पाथरवटाकडून एकच पाटी करवून घेतली आणि कुलूप पुन्हा लावले.

माझा खोलीतला सोबती अर्थशास्त्राचा. तो शेजारी बसून सगळे पाहत होता. “पाच उरले,” तो म्हणाला, “म्हणजे जोड्या दोनच. एका धोंड्यापायी दोन कांबी गेल्या. भुताला काळा चालला असता की!”

“भुताला चालला असता,” मी म्हणालो.

त्यावर तो काही बोलला नाही. पण पाटी कुठे उभी करतोस, एवढे मात्र त्याने विचारले. भट्टीशेजारच्या बोळात केली. जाता-येता सगळ्यांना दिसते.

चार कांबी झाल्या. पाचवा धोंडा अजून कोठारात एकटाच पडला आहे. या शरदात वकिलाकडे सात मागितले आहेत.