काचेवरचा आकडा

ड्रॅग रेसिंगमध्ये गाडी जास्त जोरात पळाली म्हणून माणूस हरू शकतो, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. पाव मैलाचा सरळ रस्ता, म्हणजे ४०२ मीटर. दोन गाड्या. आधी पोचेल तो जिंकला. यात ‘जास्त जोरात’ ही काय भानगड? टीव्हीवर ज्वाळा ओकणाऱ्या गाड्या दिसतात, त्यांच्यापुरतं हे खरं आहे. पण आमच्या न्यू जर्सीत, ग्रेट मेडोज गावाच्या आयलंड ड्रॅगवेवर सुट्टीच्या दिवशी जी प्लंबर, शिक्षक, नर्स, ट्रकचालक मंडळी गाड्या घेऊन येतात, ती बहुतेक ब्रॅकेट रेसिंग खेळतात. त्याचं गणित निराळं.

आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत कापेल, तो आकडा प्रत्येकाने शर्यतीआधी काचेवर लिहायचा, तोही शंभरांशापर्यंत. बरेच जण बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने लिहितात. याला डायल-इन म्हणायचं. माझ्या घरच्या, रोज ऑफिसला नेण्याच्या कॅम्रीवर असतं १५.८०. शेजारच्या लेनमध्ये १०.३० ची जुनी कमारो आली तर दोघांतला फरक साडेपाच सेकंद, आणि तेवढा वेळ मला आधी सोडतात. दोघंही आपापल्या आकड्याबरहुकूम पळाले तर शेवटच्या रेषेवर जोडीनेच पोचतील. मात्र १५.८० लिहून मी १५.७९ मध्ये पोचले तर ब्रेकआउट झाला, मी बाद. दोघांचाही ब्रेकआउट झाला तर ज्याचा कमी तो तरला.

हा नियम आहे लबाडीला आळा घालायला. शाळेत प्रत्येक वर्गात एक तरी असतो, जो दर पेपरानंतर रडवेला होऊन ‘या वेळी काठावरसुद्धा पास होत नाही’ म्हणतो आणि निकालात पहिला येतो. ब्रॅकेट रेसिंगमध्ये त्याला नापास करतात. छाती फुगवून १५.५० लिहिणाऱ्यालाही करतात, कारण त्याची गाडी तिथवर पोचतच नाही.

खेळाडूंसाठीची मानसशास्त्राची लोकप्रिय पुस्तकं मी बरीच चाळली आहेत. बहुतेकांचा सूर एकच: स्वतःवर विश्वास ठेवा, विजय डोळ्यांसमोर आणा, मर्यादा ओलांडा. आमच्या खेळात मर्यादा ओलांडली की माणूस बाद. इथे बढाई चालत नाही, नम्रपणाही चालत नाही. स्वतःबद्दल खरं काय ते माहीत असावं लागतं, आणि ते दोन दशांश स्थळांपर्यंत. मी पोटापाण्यासाठी औषधांच्या चाचण्यांचं संख्याशास्त्र बघते, म्हणून कदाचित मला याची गोडी जास्त असेल. सरासरी काढणं सोपं असतं. दिवसभरात गाडी १५.७८, १५.८५, १५.८१ अशी कितपत इकडेतिकडे जाते, त्यात चालकाचा खरा स्वभाव उतरतो. आई ठाण्याहून फोनवर विचारते, “किती जोरात चालवतेस गं?” मी म्हणते, “जोरात नाही गं आई, बरोब्बर.” तिला ते पटत नाही. नवऱ्यालाही फारसं पटलेलं नाही.

तर हा आकडा काचेवर लिहून आपण दिव्यांच्या खांबापुढे येतो. त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. १९६३ पासून तो रुळला. त्याआधी दोन गाड्यांच्या मध्ये उभा राहून एक माणूस निशाण हलवत असे. पुढचं चाक प्रकाशाच्या किरणात नेऊन उभं केलं की तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने वरून खाली उजळतात, आणि पुढच्या अर्ध्या सेकंदाने हिरवा. नवखा माणूस हिरव्याची वाट बघतो आणि तिथेच हरतो. दिवा दिसल्यावर पाय हलायला जवळपास दोन दशांश सेकंद जातात, आणि पाय हलल्यावर चाक किरणाबाहेर यायला आणखी तितकेच. म्हणून शेवटचा पिवळा उजळतानाच सुटायचं, हिरवा अजून लागलेलाच नाही तेव्हा. जन्मभर सिग्नलवर अंगवळणी पडलेलं सगळं इथे मोडावं लागतं. ०.००० ही सर्वोत्तम सुरुवात, आणि त्याच्याही एक हजारांश सेकंद आधी निघालात तर लाल. गाडीचं घड्याळ चाक हलल्यावरच सुरू होतं, त्यामुळे उशिरा सुटून, पाव मैल अगदी १५.८० मध्ये कापून, घसघशीत हरलेले लोक मी पाहिलेत. त्यांचा चेहरा बघवत नाही.

या अर्ध्या सेकंदात विचार केला की संपलं. संशोधक रिच मास्टर्स यांचा १९९२ चा गोल्फवरचा एक प्रयोग मला इथे नेहमी आठवतो. चेंडू भोकात कसा ढकलायचा याच्या सूचना वाचून जे शिकले, त्यांचं दडपणाखाली अडलं. सूचनांशिवाय, डोकं दुसऱ्याच कामात गुंतवून जे शिकले, ते त्याच दडपणात सुधारत गेले. ताण आला की माणूस हाताला येत असलेलं काम पुन्हा डोक्याच्या ताब्यात देतो, आणि डोकं फार हळू चालतं.

आमच्या शेजारच्या जागेत नेहमी एक निवृत्त वायरमन असतात. त्यांचं सगळं ठरलेलं. हेल्मेटचा पट्टा आधी डावीकडून ओढायचा, मग खिडकी वर, एक लांब श्वास, चाक पहिल्या किरणात, पुन्हा श्वास, मग दुसऱ्यात. मधे कुणी बोलायला आलं तर सगळं पहिल्यापासून. लोक याला अंधश्रद्धा म्हणतात. मला ते डोक्याला दुसरीकडे गुंतवून ठेवणं वाटतं. त्यांची वही मी एकदा हातात घेऊन पाहिली. दर फेरीला एक ओळ. तापमान, हवेचा दाब, आर्द्रता, वारा कुठून, टायरमधली हवा. हे सगळेच लिहितात, कारण संध्याकाळी हवा गार आणि दाट झाली की इंजिनाला ऑक्सिजन जास्त मिळतो आणि दुपारचा खरा आकडा रात्री खोटा ठरतो. पण त्यांच्या वहीत शेवटी अजून एक रकाना होता, त्यावर नुसतं ‘मी’ लिहिलेलं. त्याखाली: भूक लागलेली. मुलाशी फोनवर वाद. बरं वाटतंय. पुन्हा भूक. कुठल्या रकान्याने किती शंभरांश खाल्ले याचा हिशेब त्यांच्यापाशी होता, आणि त्यात वाऱ्यापेक्षा भुकेचा वाटा मोठा होता.

सगळ्यात गंमत पाठलागात आहे. कमारोवाला साडेपाच सेकंद उभा, माझे दिवे त्याच्या डोळ्यांदेखत उतरताहेत, मी निघाले, त्याचा पाय शिवशिवतोय. दुसऱ्याचा हिरवा बघून सुटणारे कितीतरी असतात. म्हणून अनुभवी मंडळी हेल्मेटच्या एका बाजूला चक्क झापड लावतात, शेजारची लेन दिसूच नये म्हणून. माझ्या बाजूला वेगळंच. बराच वेळ रस्त्यावर मी एकटीच. गिअर आपोआप पडतात, मला काम काही नाही, नुसता पाय दाबून धरायचा. मग मागून आधी आवाज येतो, नंतर आरशात बॉनेट. शेवटाला माझा वेग ताशी नव्वदेक मैल, तिचा एकशे तीसच्या आसपास. म्हणजे शेवटच्या एका सेकंदात ती माझ्यामागचं अठरा मीटर अंतर गिळते. रेषेच्या एक सेकंद अलीकडे मला वाटतं जिंकले, त्याला वाटतं गेली हातातून, आणि प्रत्यक्षात आम्ही बरोबरीत असतो. एकाच क्षणी दोघांचीही भावना चुकीची, असं दुसरीकडे इतकं मोजून बघायला मिळत नाही.

त्यात त्याचं ओझं जास्त. त्याला सगळं दिसतं, म्हणून त्याला ठरवावंही लागतं: दाबून पुढे जायचं आणि ब्रेकआउट ओढवून घ्यायचा, की रेषेपाशी किंचित पाय उचलून माझ्या नाकापुढे जेमतेम चार बोटं राहायचं? मला तो मागे असल्यामुळे नीट दिसत नाही, आणि माझ्या मते ते माझ्या पथ्यावरच पडतं.

नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ मध्ये सायकल शर्यतींचे आकडे तपासले, तेव्हा एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यांपेक्षा सोबतीने पळणारे जास्त वेगवान निघाले. मग त्यांनी मुलांना मासेमारीच्या गळाची रिळं फिरवायला लावली, कधी एकट्याने, कधी जोडीने. खेळाच्या मानसशास्त्राची सुरुवात सांगताना हा प्रयोग हटकून येतो, आणि दुसऱ्याच्या सोबतीने आपण सुधारतो असा त्याचा सारांश सांगितला जातो. काही मुलांचा हात मात्र जोडीत उलट बिघडला होता, ते सहसा सांगत नाहीत. आणि आमच्या खेळात तर सोबतीने आलेला जास्तीचा वेगही कामाचा नाही. शेजाऱ्याने चेव आणला म्हणून १५.७६ पळाले तर मी घरी.

हीच शर्यत लहान मुलंही खेळतात. आम्ही राहतो त्या एडिसनमध्ये मराठी ओळखीपाळखीत कुणाला याचा पत्ता नसतो, पण ज्युनिअर ड्रॅग रेसिंगची कल्पना निघाली ती आमच्या घरापासून अर्ध्या तासावरच्या इंग्लिशटाउनच्या रेसवे पार्कमधून, तिथल्या व्हिन्सेंट नॅप यांच्या डोक्यातून. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने १९९२ मध्ये त्याची लीग केली. निम्म्या आकाराचे ड्रॅगस्टर, अंतरही निम्मं, नियम तोच काचेवरच्या आकड्याचा. इंग्लिशटाउनची ड्रॅगस्ट्रिप २०१८ मध्ये बंद पडली, म्हणून आम्ही सगळे दूर ग्रेट मेडोजला जातो. तिथे मुलांपेक्षा मी बापांकडे बघते. गाडी त्यांनी बांधलेली, आकडाही बहुधा त्यांनीच ठरवलेला, आणि मुलगी हरली की पहिला प्रश्न ‘झोपली होतीस का?’ आपला अंदाज आपण बांधायचा हा या खेळाचा गाभा. तोच बापाने काढून घेतल्यावर पोरीकडे उरतो नुसता अ‍ॅक्सिलरेटर. काही बाप वेगळे असतात. ते पॉलिशची बाटली तिच्याच हातात देतात आणि काय लिहिलं ते बघायला जातही नाहीत. अशा मुली मोठ्या होऊनही गाडी चालवत राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

नॅशनल हॉट रॉड असोसिएशन वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये काढली ती रस्त्यावर शर्यती लावणारी पोरं आवरायला. भाषण देऊन पोरं आवरत नाहीत, त्यांना मोकळी धावपट्टी आणि घड्याळ द्यावं लागतं. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ भरते, तिथेही हेच घडतं: पोरं रात्रीच्या महामार्गावर जे करतात ते दिवसाढवळ्या, हेल्मेट घालून. पण तिथे ज्याची गाडी आपल्या गटात वेगवान तो जिंकतो, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा इंजिनावर पैसे. घरच्या कॅम्रीला कमारोसमोर उभं करणारा ब्रॅकेटचा नियम आपल्याकडेही रुजावा असं मला फार वाटतं. साध्या पगाराच्या माणसाला हा एवढाच ड्रॅग रेसिंगचा प्रकार परवडतो.

परवडतो म्हणजे तरी काय? १२८ गाड्या आल्या तर ६४ पहिल्याच फेरीत घरी. जिंकायला ओळीने सात फेऱ्या जिंकाव्या लागतात. पहाटे उठून, दीड-दोन तास गाडी हाकून, प्रवेशाचे पैसे भरून, निम्म्या लोकांची शर्यत पंधरा-सोळा सेकंदांत आटोपते. जिंकण्यासाठी येणारा हंगामभरही टिकत नाही. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. ज्यांना पैसे दिले, त्यांचे पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात ते कोड्यांकडे कमी वळले. इथल्या बक्षिसांबाबत मला तसंच दिसतं. मोठ्या रकमेच्या शर्यतीला ट्रेलर भरून येणारी मंडळी ती शर्यत नसेल तेव्हा उगवत नाहीत. वायरमन मात्र दर खेपेला वहीसह हजर.

पहिल्या फेरीत हरलेल्यांना पुष्कळ ठिकाणी बाय-बॅकची सोय असते: परत पैसे भरा, परत या. यात आयोजकांचा धंदा आहे हे उघड आहे, आणि माझ्या नवऱ्याच्या मते हरलेल्याकडूनच पुन्हा पैसे घेणारा दुसरा धंदा म्हणजे जुगार. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पण त्या खिडकीसमोरच्या रांगेत मी उभी असते, तेव्हा कानावर येतं ते जुगाऱ्यांचं बोलणं नसतं. सगळ्यांच्या हातात टायमिंगची चिठ्ठी असते. पुढचा मागच्याला सांगतो, पहिल्या साठ फुटांत दोन शंभरांश गेले, टायर गार होता. मागचा म्हणतो, माझी सुरुवात .०१२ होती, पण वारा फिरला. मग दोघंही वर झेंड्याकडे बघतात, पैसे भरतात, आणि गाडीकडे जाऊन ओल्या फडक्याने काचेवरचा जुना आकडा पुसायला लागतात.