बल्लारशाचा भुसा, शेताची माती

वर्धा नदीकाठचे बल्लारशा हे सागवानाचे गाव. आलापल्लीच्या जंगलातले सागवान इथल्या सरकारी आगारात येते आणि लिलावाने दूरदूर जाते. आम्ही चंद्रपूरहून तिथे गेलो, तेव्हा आरागिरण्यांपाशी भुशाचे ढीग दिसले. लाकडाचा भाव सर्वांना ठाऊक. भुशाची किंमत कोण करतो?

हाच भुसा हलक्या, बरड जमिनीला उपयोगी आहे. पण कच्चा भुसा मातीत मिसळू नये. त्यात कार्बन फार, नत्र नगण्य. त्याला कुजवणारे जिवाणू मातीतलेच नत्र ओढतात आणि पीक पिवळे पडते. शेण व ओला पाला घालून चांगला कुजवला, तरच खत होते.

दुसरी वाट कोळशाची. ढलप्या कमी हवेत जाळल्या की कोळसा उरतो. त्याचा चुरा शेणखतात मुरवावा, मग शेतात घालावा. त्याच्या छिद्रांत ओल टिकते. झाडाने हवेतून घेतलेला कार्बनही शेकडो वर्षे मातीत राहतो. अ‍ॅमेझॉनच्या आदिवासींनी हजार-दोन हजार वर्षांपूर्वी घडवलेली अशी काळी माती आजही सुपीक आहे.

बंधुभगिनींनो, दोन एकर कोरडवाहूच्या धन्याला खताची गोणी दरवर्षी विकत घ्यावी लागते. कोळसा एकदा घातला की जमिनीतच राहतो. आधी एका वाफ्यात करून पाहा. प्लायवूडचा किंवा रंगवलेल्या लाकडाचा भुसा मात्र नेऊ नका. आणि कोळशासाठी उभे झाड तोडू नका. गिरणीत उरते तेवढेच मातीला द्या.