अर्ध्या कोयत्याची पत

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. बचत गटाच्या वहीत हजेरीच्या रकान्यात एकेका नावापुढे ‘ऊसतोडीला’ एवढाच शेरा पडतो. गटातल्या बायकांची कर्जप्रकरणं तयार करणं हे माझं काम. बाईच्या धंद्याचा आणि तिच्या लग्नाच्या वयाचा संबंध मला त्या शेऱ्यापासून उलगडत गेला.

ऊसतोडीला टोळ्या नेणाऱ्या मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि त्याची उचलही, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कमही, अर्धीच. म्हणून मुलगा तोडीला जायच्या वयाचा झाला की घरात त्याच्या लग्नाचा विषय निघतो. मुलीच्या घरी दुसराच घोर असतो: आईबाप पाच-सहा महिने फडावर, मग वयात आलेल्या पोरीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २२ टक्क्यांच्या आसपास होतं. बीडमध्ये ते ४३ टक्क्यांच्या वर आणि परभणीत ४८ टक्के. या आकड्यांवर बोलताना लोक रूढी, अज्ञान असे शब्द वापरतात. मला त्यात कर्जाचा व्यवहार दिसतो. सोळा वर्षांच्या पोरीच्या दोन हातांच्या भरवशावर घर उचल घेतं, कागदावर अंगठा मात्र नवऱ्याचा उठतो. तिच्या आयुष्यातलं पहिलं कर्ज तिला न विचारताच काढलेलं असतं.

आपल्या उद्योजकतेच्या योजना या सगळ्यानंतर सुरू होतात. १८७२ च्या करार कायद्यामुळे अठरा पूर्ण झाल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही चालत नाही. त्या वयाला पोचेपर्यंत शाळा सुटलेली, कडेवर मूल, आणि डोक्यावर फिटायची राहिलेली उचल.

एक प्रकरण मी विसरू शकत नाही. गटातल्या एकीला मिरची कांडपाच्या यंत्रासाठी पन्नास हजारांचं कर्ज हवं होतं. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात बसणारं, अगदी साधं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. बँकेने विचारलं, ही बाई एकच कशावरून? लग्नाचा दाखला आणा. तो कुठून आणणार? नोंदणीला जावं तर वयाचा पुरावा लागतो, आणि शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख सांगत होती की लग्नात ती सोळाचीही नव्हती. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात शिक्षा आहे ती सज्ञान नवऱ्याला आणि लग्न लावणाऱ्यांना. हे ऐकल्यावर तिने टेबलावरचे सगळे कागद गोळा करून पिशवीत घातले. “ताई, राहू द्या. माझ्या बापाला त्रास नको.” प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात नाव, असं करत तिला यंत्र मिळायला आणखी एक हंगाम गेला. तो तिने फडावर काढला.

मुलींच्या लग्नाचं वय एकवीस करण्याचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आलं आणि ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळलं. मुलींची लग्नं उशिरा व्हावीत असं मलाही कळकळीने वाटतं. पण उचलीची रीत तशीच ठेवून नुसता आकडा वाढवला, तर कागद पिशवीत लपवणाऱ्या बायका वाढतील. आधी एकट्या माणसाला पूर्ण माणूस धरा. बाईच्या तोडीची मजुरी तिच्या खात्यावर जमा करा. आणि नावाची खातरजमा करताना तिच्या लग्नाची चौकशी मांडू नका.

कांडप यंत्र मागणाऱ्या त्या बाईच्या अर्जात ‘व्यवसायाचा अनुभव’ हा रकाना कोरा ठेवायला मला सांगितलं गेलं होतं. मी तिलाच विचारलं. कोणत्या हंगामात किती टन तोडला, किती उचल फिटली, किती राहिली, सगळं तिला तोंडपाठ होतं. तेच मी त्या रकान्यात लिहिलं.

परवा ती परत आली, सोबत अकरा वर्षांची लेक. दहा वर्षांपुढच्या मुलांना बचत खातं स्वतःच्या सहीने चालवता येतं, हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. अर्जावर सही करण्याआधी लेकीने जुन्या पावतीच्या पाठीवर चार वेळा सही गिरवून पाहिली. तिसरी तिला आवडली.