सपोर्टचं बिल

स्वारगेटला जेधे चौकाजवळ आमचं पार्सल बुकिंगचं ऑफिस आहे. सासऱ्यांच्या काळात बिल्ट्या कार्बन लावून हाताने लिहायचे. आता सगळं कॉम्प्युटरवर. सर्व्हरवर लिनक्स आणि हिशेब ठेवायला पोस्टग्रेस डेटाबेस. दोन्हींच्या लायसनला एक रुपया लागत नाही. त्यामुळे सपोर्टचं वर्षाचं बिल आलं की धाकटे दीर विचारायचेच, “वहिनी, सॉफ्टवेअर फुकट ना, मग हे पैसे कशाचे?”

गेल्या दिवाळीच्या तोंडावर भर सकाळी बुकिंग अडकलं. दारात फराळाचे डबे, कपड्यांचे गठ्ठे, हमाल खोळंबलेले, आणि सर्व्हर म्हणतोय डिस्कवर जागा नाही. शेजारच्या गाळ्यातून एक ओळखीचे मदतीला आले. एक फोल्डर खरंच फुगलं होतं, 16-16 एमबीच्या फायलींची रांगच्या रांग. “ह्या जुन्या उडवा, पाच मिनिटांचं काम आहे,” ते म्हणाले. मी आधी सपोर्टच्या मुलाला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, “ताई, त्यातलं काही म्हणजे काही डिलीट करू नका. मी कनेक्ट होतोय.”

डेटाबेस प्रत्येक बदल आधी ह्या फायलींत टिपतो, मग मूळ तक्त्यांत नेतो. आमची बॅकअपची डिस्क बंद पडली होती. फायलींची नक्कल तिकडे जात नव्हती, आणि नक्कल झाल्याशिवाय पोस्टग्रेस फाईल सोडत नाही. हाताने उडवल्या असत्या तर डेटाबेस कदाचित पुन्हा उठलाही नसता. पूर्वी ह्या फोल्डरच्या नावात ‘लॉग’ होतं, लोक बिनकामाचं समजून पुसून टाकायचे. 2017 साली दहाव्या आवृत्तीत ते नावच बदलावं लागलं. त्या मुलाने दुसरीकडची अडगळ हलवून जागा केली, बॅकअपची वाट बदलली आणि थोड्या वेळाने फायली आपसूक कमी होऊ लागल्या. दुपारच्या गाडीला माल चढला.

दीर म्हणाले, त्या दिवसाचे पैसे त्या दिवशी दिले असते. पण आमचा सर्व्हर माहीत असलेला माणूस ऐन दिवाळीत कुठून आणणार होतो? लिनक्सवाल्या रेड हॅट कंपनीचा बहुतेक धंदा अशाच वार्षिक वर्गणीवर उभा राहिला. 2019 मध्ये आयबीएमने ती कंपनी 34 अब्ज डॉलरला घेतली. उलट, जगभरच्या वेबसाइट ज्यावर विसंबून होत्या त्या ओपनएसएसएल ह्या फुकट सॉफ्टवेअरला वर्षाला जेमतेम 2000 डॉलर देणग्या मिळत. 2014 मध्ये त्यात ‘हार्टब्लीड’चं भगदाड सापडलं, तेव्हा कुठे मोठ्या कंपन्यांनी हात सैल सोडला. ह्याचा मला मनापासून राग येतो.

आमच्या करारात फक्त फोनची सोय होती, रोजची पाहणी नव्हती. आता तीही घेतली आहे. शिवाय दोन अटी लिहून घेतल्या: आमचा सर्व्हर ओळखणारा दुसरा माणूस हवा, आणि दर तीन महिन्यांनी बॅकअप वेगळ्या मशीनवर चढवून, बिल्ट्या जुळतात का ते आमच्यासमोर दाखवायचं. बिल वाढलं. दिरांनी ह्या वेळी फक्त जीएसटी तपासला.