गेटर-सेटर कशाला?

लष्कर, ग्वाल्हेर

चि. मुक्ता,


पीएचपी ८.४ वर जाताना तुमच्या टीममध्ये जुंपलीय म्हणे. दर फील्डमागे गेटर-सेटर, म्हणजे ते वाचायची आणि बदलायची मेथड, लिहिणं ही शिस्त, असं तुमचे सीनियर म्हणतात. मला तर तो पुढच्या भीतीपोटी आजच भरलेला विम्याचा हप्ता वाटतो.

आपल्या इथल्या सराफ्यातलंच घे. दागिन्याच्या क्लासमध्ये 'वजन' हे साधं फील्ड, ग्रॅममध्ये. पुढे दुकानदार म्हणतो, तोळेही दिसू देत. त्यात जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, आताचा हिशेब १० चा. 'तोळे' वेगळे साठवलेस तर कधी तरी वजन बदलेल आणि तोळे तसेच राहतील. त्याची प्रॉपर्टी केलीस, म्हणजे बाहेरून फील्डसारखी दिसणारी पण आत कोड चालवणारी, तर 'तोळे' वाचताक्षणी भागाकार होतो. आकडा साठवलेला की तिथल्या तिथे काढलेला, बिलाच्या कोडला पत्ताही लागत नाही. बर्ट्रांड मेयर यांनी आयफेल भाषेत हाच आग्रह धरला होता. उद्या 'वजन शून्याहून जास्तच हवं' अशी अट आली, तरी ती क्लासमध्येच घालायची. बिलाला हात लावायचा नाही.

१९९५ च्या डेल्फी भाषेत प्रॉपर्टी होत्या. तिचे कर्ते अँडर्स हेल्सबर्ग पुढे सी शार्पकडे गेले, तिथेही प्रॉपर्टी आल्या. पायथनने २००१ मध्ये त्या घेतल्या. जावाने मात्र 'जावाबीन्स'च्या काळापासून गेटर-सेटरच्या नावांच्या संकेतावरच भागवलं. म्हणून लोक लॉम्बॉक ही बाहेरची लायब्ररी लावून गेटर तयार करून घेतात. भाषेने करायचं काम बाहेरच्याने करायचं, हे काही मला पटत नाही.

पीएचपीत इतकी वर्षं जादुई मेथडवर काम चाललं. तिथे सगळ्या फील्डना एकच दार, आणि कुठलं नाव खरं, कुठलं चुकलेलं, हे एडिटरला कळत नाही. प्रॉपर्टी आणायचा प्रस्ताव २०१३ मध्ये दोन तृतीयांश मतं न मिळाल्याने पडला. प्रॉपर्टीतच गेटर-सेटर लिहू देणारे 'हुक' आले ते थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये, तुमच्या ८.४ सोबत.

पण हुरळून जाऊ नकोस. पायथनमध्ये प्रॉपर्टीतून यादी परत दिलीस आणि कुणी तिच्यात परस्पर भर घातली, तर सेटर चालतच नाही. तुझी तपासणी बाजूला राहते. दुसरं म्हणजे, साध्या नावामागे डेटाबेसची क्वेरी लपवू नकोस. वाचणारा ते फुकटात मिळतंय असं समजून हजारदा फिरणाऱ्या लूपमध्ये टाकतो. तिथे सरळ मेथड लिही, म्हणजे काम होतंय हे दिसतं. सी शार्पमध्ये आणखी एक कटकट: फील्डची नंतर प्रॉपर्टी केली तर आधी कंपाइल झालेला बाहेरचा कोड पुन्हा कंपाइल करावा लागतो. म्हणून तिथे पहिल्यापासूनच प्रॉपर्टी ठेवतात. तुम्हाला पीएचपीत ती अडचण नाही.

तेव्हा सीनियरांशी वाद घालत बसू नकोस. जुने गेटर इतरांच्या कोडमधून बोलावले जातात, ते राहू देत. नव्या क्लासमध्ये मात्र ते लिहायचे नाहीत, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घे.

ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा